'फादर'च्या आधीची रिकामी जागा

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. सध्या अडगळीच्या खोलीत, फुटक्या बादलीच्या शेजारी माझा मुक्काम असतो. नवा होतो तेव्हा कळ दाबली की पोलादी दांडी उडायची, तिच्या टोकाचा खिळा शाईच्या फितीवर आपटायचा आणि कागदावर अक्षर उमटायचं.

एक बाई मला घेऊन पोस्टाच्या ओसरीवर बसत आणि लोकांना इंग्रजी पत्रं लिहून देत. "बाईंचं टायपिंग म्हणजे मोत्याचे दाणे," असं पोस्टमन म्हणायचा. ते ऐकून मीही फुगायचो.

पुढे माझा स्वल्पविरामाचा खिळा झिजून गळून पडला. बाईंनी युक्ती काढली. इंग्रजीत अक्षरांच्या डोक्याशी येणारं एक चिन्ह अगदी स्वल्पविरामासारखं दिसतं. कागद अर्धी ओळ वर सरकवून त्या तेच चिन्ह खाली उतरवत. काम भागलं, दुरुस्ती राहूनच गेली.

एकदा शिवणकाम करणारी एक मुलगी आली. घरी न सांगता लग्न केलं म्हणून तिचे वडील दहा वर्षं तिच्याशी बोलले नव्हते. ते दूरच्या जहाजावर खलाशी होते. त्यांना ऐकून इंग्रजी कळे, पण वाचता येत नसे; आणि पत्र वाचून दाखवणाऱ्या अधिकाऱ्याला इंग्रजीच येई.

"फार काही नको, बाई. एवढंच विचारा, माफ केलंत का, बाबा?"

बाईंनी 'हॅव यू फरगिव्हन' इथवर टाइप केलं. तेवढ्यात पोस्टमन टपालाची पिशवी बांधू लागला.

"आटपा, बाई! तुमच्यासाठी जहाज थांबणार आहे का?"

"झालंच हो! एवढ्याशा शेपटीवाचून काय अडतंय?" कागद न सरकवताच त्यांनी पुढे 'फादर' ठोकलं आणि प्रश्नचिन्ह दिलं.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. बाईंनी ते मराठीत वाचून दाखवलं: "पोरी, माझ्या बापाला मी केव्हाच माफ केलं. पण हे आत्ता का विचारतेस? स्वतःबद्दल एक अक्षर नाही लिहिलंस."

"मी आजोबांचं कुठे विचारलं होतं?" मुलगी गोंधळली.

बाईंनी माझ्या स्वल्पविरामाच्या कळेवर बोट ठेवलं. "चूक माझी गं. मध्ये स्वल्पविराम दिला नाही. 'बाबा, माफ केलंत का' ऐवजी 'वडिलांना माफ केलंत का' असं झालं."

लगेच त्यांनी दुसरं पत्र केलं. या वेळी ते चिन्ह इतक्या जोरात ठोकलं, की कागदाला भोक पडलं.

ते पत्र न उघडताच परत आलं. पाकिटावर शिक्का होता: पत्र घेणारा हयात नाही.

मुलगी त्या शिक्क्यावरून बोट फिरवत राहिली. "मला माफ केलं असेल का हो त्यांनी?"

त्या संध्याकाळी बाई मला दुरुस्तीला घेऊन गेल्या. नवा खिळा बसायला पाऊण तास लागला.

मित्रांनो, एखादं यंत्र अडखळू लागलं तर 'चालतंय तोवर चालू दे' असं म्हणू नका. माझा खिळा बदलता आला. त्या मुलीला मात्र तिचा प्रश्न पुन्हा विचारायला कोणी उरलं नाही.