एका नंबरावरची दोघं

कल्पनाच्या हातात त्रेचाळीस नंबरचं टोकन होतं आणि डॉक्टरांचा अजून पत्ता नव्हता. दवाखान्याच्या पाटीवर साडेआठची वेळ रंगवलेली होती. ती पाटी रंगवणारा पेंटर तरी वेळेवर आला होता की नाही, देव जाणे.

हा तिच्या नवऱ्याच्या, दामोदरच्या कंपनीचा दवाखाना. बनशंकरीतल्या त्यांच्या फ्लॅटपासून चालत दहा मिनिटांवर. कल्पनाला मात्र हल्ली पंचवीस लागत आणि वाटेत दोनदा उभं राहावं लागे. तीन महिन्यांतली ही तिची चौथी खेप. धाप लागायची, उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, दुपारी भांडी घासताना हात जड होऊन तसेच नळाखाली राहायचे. वर्षभर पाळीनं तिचा पिच्छा पुरवला होता. जायचं वय झालं होतं, पण जाता जाता घर धुऊन न्यायचा तिचा विचार दिसत होता. पहिल्या खेपेला कल्पनानं हे सगळं सांगितलं. डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल. या वयात असं होतं. विश्रांती घ्या." दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेलाही तेच. एकदाही त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

सुरुवातीला तिला राग यायचा. पण राग यायलाही अंगात काहीतरी लागतं. आता ती नुसती बाकावर बसे, टोकनचा आकडा बघत. तिला औषधसुद्धा नको होतं. तुम्हाला काहीतरी झालंय, एवढं कोणीतरी म्हणावं, बस.

घरातला खरा आजारी माणूस दामोदर होता. कंपनीच्या वार्षिक तपासणीत दोघांनी एकाच सकाळी रक्त दिलं आणि त्याचं हिमोग्लोबिन सात निघालं. डॉक्टरांनी वर न बघता लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. कल्पनानं पदर खोचला. गांधी बझारमधून अळीव आणले, नारळ खवले, गूळ चिरला, लाडू वळले. डबा संपला की पुन्हा वळले. एकही लाडू तिनं तोंडात टाकला नाही. औषधाचे लाडू ते, ज्याचे त्यानं खायचे. दामोदरही असा, की रिपोर्ट आला त्याच संध्याकाळपासून त्याला थकवा जाणवायला लागला. दोन मजले चढताना कठड्याला धरून थांबू लागला. मग दूध, भाजी, दळण सगळं कल्पनाच वर आणू लागली. तिचा रिपोर्ट नॉर्मल होता ना.

बारा वाजता तिचा नंबर लागला. आतलं काम दीड मिनिटात आटोपलं.

"नॉर्मल आहे हो तुमचं सगळं," डॉक्टर स्क्रीनला म्हणाले.

"मग मला त्याची प्रत द्या," कल्पना म्हणाली. आजवर तिनं कधी काही मागितलं नव्हतं. "घरी ठेवते. पटेनासं झालं की वाचीन."

"काउंटरवर सांगा."

काउंटरवर पवित्रा ही कानडी मुलगी होती. कानाला फोन लावूनच तिनं हात वर केला, "स्वल्प थांबा, अक्का." ते स्वल्प चाळीस मिनिटं चाललं. मग प्रिंटरमधून कागद आला आणि कल्पना तो बाकावर बसून वाचू लागली. हिमोग्लोबिन चौदा. साखर बरी. शेवटच्या ओळीत प्रोस्टेटची तपासणी होती. तीही नॉर्मल.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. बाईमाणसाच्या फायलीत तीन महिने प्रोस्टेट सुखानं नांदत होतं, आणि चार वेळा ते डॉक्टरांच्या डोळ्यांखालून गेलं होतं. दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं. कल्पनाला काहीच आलं नाही. ती उठली, भिंतीला धरून जरा थांबली आणि कागद पवित्रापुढे ठेवून त्या ओळीवर बोट टेकवलं.

"अय्यो," पवित्रा म्हणाली. फोन तिनं पहिल्यांदाच खाली ठेवला.

या दवाखान्यात माणसाला नंबर नसतो, घराला असतो. कर्मचाऱ्याचा जो नंबर तोच त्याच्या बायकोचा, फक्त तिच्या कागदावर पुढे तिरकी रेघ आणि एक. लॅबमध्ये कुणीतरी ती रेघ नि तो एक भलत्याच कागदावर ठोकला होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते हेच.

"म्हणजे सात माझं," कल्पना म्हणाली.

"हो अक्का. पण डॉक्टर आत्ताच गेले. सोमवारी या. दुरुस्तीला अर्ज लागेल."

"द्या. लिहिते."

"तुम्ही नाही, अर्ज कर्मचाऱ्यानं करायचा. सरांची सही आणा. आणि तुम्हाला रक्त परत द्यावं लागेल."

"आता कुठलं देऊ?" कल्पनानं विचारलं. ती थट्टा करत नव्हती. पवित्रानं मान खाली घातली आणि अर्जाचा कोरा कागद पुढे सरकवला.

घरी येताना ती तीनदा थांबली. तिला वाईट वाटत होतं, फार वाईट, पण तेही लांबून, शेजारच्या घरात कोणी रडावं तसं.

शनिवार असल्यानं दामोदर घरीच होता. गाल वर आले होते त्याचे, शर्टाची बटणं पोटावर ताणली होती. समोर लाडवाचा डबा.

"किती वेळ गं! म्हटलं, जेवायच्या आधी एक खाऊन घ्यावा."

कल्पनानं दोन्ही कागद टेबलावर ठेवले. "इथे सही करा. तुमचा रिपोर्ट माझा आहे, माझा तुमचा."

त्यानं वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. हातातला अर्धा लाडू कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

"पण मला खरंच थकवा वाटत होता गं," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"मलाही वाटत होता," कल्पना म्हणाली. "पण माझा नॉर्मल होता."

त्यानं तेव्हा तिच्याकडे पाहिलं. नीट. पांढरेफटक ओठ, डोळ्यांखालचे खड्डे, खुर्चीच्या पाठीवर टेकवलेला हात. तीन महिने रोज याच हातून तो गोळी आणि लिंबूपाणी घेत होता.

"सोमवार गेला खड्ड्यात," तो एकदम उठला. "आत्ता जाऊ, मोठ्या हॉस्पिटलात. तू बस. मी ऑटो आणतो." आणि चप्पल अर्धवट पायात अडकवून तो बाहेर धावला.

कल्पना खुर्चीत बसली. डब्यात तळाशी एक लाडू होता. तिनं तो उचलला आणि चावला. गूळ थोडा जास्त झाला होता. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

जिन्यावर दामोदरच्या चपलांचा आवाज येत होता. कठड्याला न धरता, दोन-दोन पायऱ्या एकदम, दोन्ही मजले तो एका दमात उतरला. तळाशी पोचेपर्यंत ती ऐकत होती.