वाकडा बसलेला बोल्ट

गणेशपुरीहून परतताना अंबाडी नाक्याजवळ मनालीने ब्रेक दाबला आणि पुढच्या डाव्या चाकातून खट्टकन आवाज आला. मागे तिची आई आणि आठ वर्षांची मुलगी पेंगत होत्या. आईच्या गुडघ्यांना बरं वाटतं म्हणून सगळ्या गरम पाण्याच्या कुंडावर गेल्या होत्या. तिथून पुढे जीव मुठीत धरून, रिक्षाच्या वेगाने मनाली भिवंडीला घरी पोहोचली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तिचे वडील यादव यांनी दारातच गाडी जॅकवर चढवली. ते एसटीतून निवृत्त झालेले फिटर. तेहतीस वर्षं बसगाड्यांचे ब्रेक केलेले. दापोड्याच्या गोदामात सुपरवायझर असलेल्या मनालीने ही जुनी गाडी घेतली तीच त्यांच्या भरवशावर.

चाक निघालं आणि यादव बघतच राहिले. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकाची चकती दाबून धरणारा चिमटा, दोन बोल्टांवर धरलेला असतो. खालचा बोल्ट नव्हताच, वाटेत कुठेतरी गळून पडला होता. वरचा अर्धाच आत होता, तोही तिरका. त्यांनी पान्हा लावला. बोल्ट जरा फिरला, करकरला आणि तुटून त्याचं डोकं पान्ह्यातच आलं.

"आटे खाऊन टाकलेत सगळे!" ते ओरडले. "कुणी घातला हा? असल्या माणसाच्या हाती पान्हा द्यायचाच न्हाय! हाही निघाला असता तर चाक जाम होऊन..." आत मनालीची आई होती, म्हणून ते थांबले.

 मनाली हळूच म्हणाली, "बाबा, मागच्या रविवारी ब्रेकचे पॅड तुम्हीच बदलले. नंतर गाडीला कुणी हात लावला नाही."

"मी?"

"वरचा बोल्ट आत जात नव्हता. तुम्ही पान्ह्याला पाइप लावून ओढलात. मीच पाइप आणून दिला होता."

यादव पायरीवर बसले. बोल्टचे पहिले तीन फेरे बोटांनीच फिरवायचे, जोर लावायचा नाही, हे त्यांनी वर्कशॉपमध्ये किती पोरांना दटावून शिकवलं होतं. त्या दिवशी बोल्ट बोटांनी फिरत नव्हता. गंज असेल, असं ते धरून चालले.

मनालीने डब्यातला नवा बोल्ट त्यांच्या हातात दिला. "खालच्या भोकात लावून दाखवा."

त्यांनी हात पुढे केला. बोल्टचं टोक भोकाच्या बोटभर बाजूला टेकलं. पुन्हा केला. पुन्हा बाजूलाच. ऊन लख्ख पडलं होतं.

मनालीने त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. "कधीपासून?"

"दिवाळीपासून. डाव्या डोळ्यापुढे धूर असतो. उजवाही आता..."

"आणि रोज पोरीला स्कूटरवर शाळेत सोडता?"

  यादवांनी शर्टाच्या खिशातून स्कूटरची चावी काढली आणि तिच्यापुढे धरली. तिच्याकडे बघितलं मात्र नाही.

गल्लीच्या तोंडाशी मनोजचं वेल्डिंगचं दुकान होतं. एरवी तो यंत्रमागांचे मोडके भाग जोडायचा. तो मशीन घेऊन दारात आला. त्याने गाडीच्या बॅटरीची वायर सोडवली, तुटक्या बोल्टवर नट वेल्ड केला आणि गरम असतानाच हळूहळू फिरवून तुकडा बाहेर काढला. दोन्ही भोकं साफ करून त्यांत खराब आट्यांच्या जागी तारेच्या नव्या स्प्रिंगा बसवल्या.

"बोल्ट कोण लावणार, काका?" त्याने विचारलं.

"ती," यादव म्हणाले.

मनालीने बोटांनी बोल्ट टेकवला. "सरळ आहे का?" यादवांनी डोळे मिटले, तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि तिच्याबरोबर फेरे मोजले. एक, दोन, तीन. मग म्हणाले, "आता पान्हा लाव." त्याच दिवशी उजवं चाकही उघडलं. तिथले बोल्ट नीट बसलेले होते, तरी त्यांनी तिला ते सोडून पुन्हा बसवायला लावले.

सोमवारी डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. डावा पार पिकला होता. "इतके दिवस आला का नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझे हात बघतात असं वाटायचं," यादव म्हणाले.

बाहेर येताना दवाखान्याच्या पायऱ्यांवर मनालीने त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.