ओहोटीची खुर्ची

अर्धांगवायूच्या झटक्यानं क्लेमचा उजवा हात गेला, पायातलं बळ गेलं आणि बोलणं एकेका शब्दावर आलं. त्याच्या बायकोनं, ग्लेनिसनं, ते सगळं सोसलं. तिला सोसवत नव्हतं ते एकच. ओहोटी लागली की समुद्रकाठच्या मूंटाचं अर्धं गाव लांब दांड्याची दाताळी घेऊन निळे खेकडे धरायला उथळ पाण्यात उतरायचं, आणि क्लेम काच खाली करून गाडीत बसून राहायचा. दवाखान्याची चाकाची खुर्ची वाळूत पाऊलभरही सरकत नव्हती.

शेवटी तिनं ठरवलं, फुगीर रबरी चाकांची खुर्ची आपणच करायची. चाकं मागवली, पातळ चौकोनी पाइप आणला आणि घरामागच्या शेडमधलं क्लेमचं वेल्डिंग मशीन पुसून काढलं. आजवर ती त्या शेडच्या दारात चहाचा कप ठेवून माघारी फिरायची. वेल्डिंगचा रॉड कधी हातात धरला नव्हता.

क्लेमचा धाकटा भाऊ लायल आला, त्यानं पाइपवर टिचकी मारली आणि हसला. "अगं, हा तर बिस्किटाचा डबा. रॉड लावलास की चाळणी होईल. मी मी म्हणणारे हात टेकतात याच्यापुढे."

झालीही चाळणीच. रॉड आधी चिकटून बसायचा. झटका देऊन सोडवला की ती दचकून हात वर घ्यायची, रॉडच्या टोकाशी पेटलेला आर्क लांबायचा आणि पाइपला बोट जाईल एवढं भोक पडायचं. करंट कमी केला की रॉड चिकटे, वाढवला की भोक. तुकड्यांचा ढीग साचला. एका दुपारी तिनं मास्क बाकावर आपटला आणि आपल्याच्यानं हे होणार नाही म्हणून मटकन खाली बसली.

क्लेम चाकाच्या खुर्चीत दारात बसला होता. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं, डोळे मिटले आणि डाव्या हातानं खूण केली, पुन्हा लाव. तिनं लावला. आर्क फुसफुसायला लागताच त्यानं दारावर टकटक केली.

"जवळ," तो म्हणाला. मग बराच वेळ शब्द शोधून म्हणाला, "तळण. ऐक."

तिला उमगलं. रॉडचं टोक पाइपला जवळजवळ टेकवून धरलं की मासे तळल्यासारखा एकसारखा चुरचुराट यायचा, आणि हात जरा लांबला की तो फाटायचा. मग ती कानानं हात चालवू लागली. सगळ्यांत बारीक रॉड घेतला. एक छोटा टाका इथे, दुसरा पार पलीकडे, मधे पाइप निवू द्यायचा. सांध्यात फट राहिली की भोक पडतंच, हे मात्र तिचं तिलाच सापडलं. ब्लाउजची बाही बेतावी तशी ती पाइपांची तोंडं कानशीनं घासून बसवू लागली. एका टाक्यावर जमलेली जळकी खपली ठोकून काढली, तर खाली माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली चकचकीत ओळ. क्लेमनं त्यावरून अंगठा फिरवला आणि नुसताच हसला.

सांगाडा उभा राहिला तेव्हा लायल त्यावर आपला सगळा देह टाकून बसला, त्यानं हिसके देऊन पाहिले. एकही सांधा हलला नाही. तो उतरला आणि चाकं बसवायला लागला.

पुढच्या मोठ्या ओहोटीला दोघांनी क्लेमला खुर्चीत बसवून वाळूवरून नेलं. चाकं रुतली नाहीत. पाणी त्याच्या पोटऱ्यांना लागलं तसा त्यानं हात पुढे केला आणि लायलनं दाताळं दिलं. पहिला खेकडा पिल्लू निघाला, तो सोडून दिला. दुसरा ताटाएवढा होता. क्लेमनं तो डाव्या हातानं एकट्यानं वर घेतला, आणि पाण्यात उभी असलेली माणसं आपापलं काम सोडून टाळ्या वाजवायला लागली.

"पुढे," क्लेम म्हणाला. "अजून पुढे."

रात्री त्यांनी उकडलेले खेकडे पाव आणि व्हिनेगरशी खाल्ले. ठिणग्यांनी भाजलेल्या ग्लेनिसच्या बोटांना व्हिनेगर चांगलंच झोंबत होतं. तिनं तरीही आणखी एक फोडायला घेतला.