मुद्दाम हरवलेला बोळा

मी एक बोळा बोलतोय. मर्डो गेडिसच्या जाड विजारीच्या डाव्या पायाचा बोळा. उजव्या पायाचं काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि मी कधी चौकशीही केली नाही.

वस्तू हरवली की लोक हळहळतात. माझं उलटं आहे, मला हरवण्यासाठीच केलं. मी गवतात पडायचं, कुत्र्याने मला हुडकायचं आणि तोंडात धरून धन्याच्या हातात द्यायचं. बंदुकीने बदक पाडणं सोपं, पण पडलेलं बदक सापडणं कठीण. म्हणून शिकारीच्या हंगामाआधी माझ्यावर सराव.

मला शिवलं मोरागने, म्हणजे मर्डोच्या बायकोने. मर्डो तेव्हा पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडच्या आमच्या साउथलंडभर मेंढ्यांची लोकर कातरत फिरायचा. शेपटाकडची लोकर कुणी विकत घेत नाही, ती तिने माझ्यात ठासून भरली, दोन्ही तोंडं सुतळीने आवळली आणि म्हणाली, "घे तुझं बदक. याला खायला घालावं लागत नाही." मर्डोने दोन रबरबँड लावून माझ्या अंगावर खऱ्या बदकाचा पंख चढवला. कुत्र्यांना वासाशी मतलब. मी दिसतो कसा याच्याशी कुणालाच नाही, ते एका अर्थी बरंच आहे.

मोराग सहा वर्षांपूर्वी गेली. मी टिकलो, टाके घट्ट होते.

माझ्यादेखत मर्डोने चार कुत्री शिकवली. पद्धत एकच. शिट्टीची एक फुंकर, की कुत्रं बसून त्याच्याकडे बघणार. डावा हात केला की डावीकडे, उजवा केला की उजवीकडे, हात वर केला की आणखी मागे. त्याची नजर अशी, की दीडशे पावलांवरचं बदक कुठल्या झुपक्यामागे पडलं ते तो बसल्या जागी सांगायचा आणि कुत्र्याला नेमकं तिथे नेऊन उभं करायचा. लोक म्हणत, मर्डो कुत्रं नाही, ट्रॅक्टर चालवतो. त्याला ती स्तुती वाटायची. मी गवतात पडल्या पडल्या एवढंच पाहिलं होतं, की ती कुत्री माझ्यापर्यंत नाकाने येत नव्हती, कानाने येत होती. पण बोळ्याला विचारतो कोण?

पाचवी फर्न. काळी लॅब्राडोर, फार गुणी. मर्डो सांगेल ते सगळं करायची, आणि सांगितलं नाही तर काहीच करायची नाही.

मग मर्डोची नजर गेली. समोरच्या दृश्यात मधोमध धुकं, कडेचं तेवढं थोडं दिसायचं. त्याने बंदूक कपाटात ठेवली आणि खांदा दुखतो असं सगळ्यांना सांगितलं. खांदा ठणठणीत होता.

लॅकी मन्रो हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र. लॅकीच्या तळ्यावर दोघांनी मिळून बदकांपासून लपून बसायला लाकडाचा नि पत्र्याचा आडोसा बांधला, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी, आमच्याकडे थंडीच्या तोंडावर हंगाम उघडतो तेव्हा, उजाडायच्या आत तिथे जाऊन बसायचं. त्या दिवशी कुणी लग्न ठेवलं तर निम्मे पाहुणे येत नाहीत. आडोशाचा नियम असा, की पडलेलं बदक हाती आल्याशिवाय पुढचा बार नाही. जखमी पाखरू झाडोऱ्यात तडफडत टाकून घरी जाणं, याहून मोठी लाज या लोकांना माहीत नाही.

बंदूक ठेवल्यावर मर्डोकडे तिथे एकच काम उरलं, कुत्र्याचं.

आणि तिथेच त्याने माती खाल्ली. पुढच्याच हंगामात एक बदक पंखाला लागून पडलं. कुठे, ते मर्डोला दिसलंच नाही. पण हे कबूल कोण करणार? इतक्या वर्षांत बदकं जिथे पडत आली, तिथेच हेही पडलं असेल असं धरून त्याने शिट्टी फुंकली. फर्न चाळीस मिनिटं डावीकडे, उजवीकडे, मागे फिरत राहिली. दोनदा तिने नाक भलतीकडे वळवलं, दोनदा त्याने तिला शिट्टी मारून परत आणलं. दुसऱ्या दिवशी तळ्यावर घार घिरट्या घालताना बघून लॅकी गेला. ज्या जागेवरून फर्नला परत बोलावलं होतं, तिथून वीस पावलांवर बदक होतं. ते नुकतंच मेलं होतं.

लॅकी तसाच मर्डोच्या स्वयंपाकघरात आला. मी दाराशी खुंटीवर होतो.

"वाईट वाटून घेऊ नकोस, मर्डो."

"घ्यायचं की नाही ते ऐकून ठरवतो."

"बंदूक नाही, ठीक आहे. पण कुत्रीही शोधत नसेल तर तू तिथे बसून करणार काय?"

"चीज रोल खाईन."

"ते घरीही खाता येतात." लॅकी टोपी हातात फिरवत राहिला. "आणखी एक हंगाम बघू. पुढच्या मेमध्ये असंच झालं, तर तुझ्या जागी माझा जावई बसेल. त्याचं कुत्रं बरं आहे."

मर्डोने त्याच्यासाठी चहा ओतला, तो कपाच्या शेजारी. लॅकीने फडक्याने टेबल पुसलं आणि गेला. आडोसा सुटला तर त्याच्या आठवड्यात बोलायला माणूस उरत नव्हतं. मला माणसांचं फारसं काही वाटत नाही, पण त्या दिवशी वाटलं.

रविवारी त्याची मुलगी इशबेल आली. ती शाळेची बस चालवते आणि बापाशीही त्याच आवाजात बोलते.

"बाबा, फर्नला शोधता येत नाही, कारण तू तिला कधी शोधूच दिलं नाहीस."

"मी पाच कुत्री शिकवलीत."

"तुझं ऐकायला शिकवलंस. नाक तिचं आणि अक्कल तुझी. आता तुझी नजर गेल्यावर तिने करायचं काय?"

"नजरेला धाड भरलेली नाही."

"मघाशी खुंटीवरच्या कोटाला तू 'ये लॅकी' म्हणालास."

मी त्या कोटाशेजारीच होतो. खरं आहे.

इशबेलने त्याच्या गळ्यातली शिट्टी काढून स्वतःच्या खिशात घातली. मग मला उचलून कुरणात नेऊन लपवलं, आणि त्यानंतर मर्डो नि फर्न दोघांना गोठ्याबाहेर आणलं. वारा माझ्याकडून फर्नकडे जाईल अशा बाजूने तिला सोडायला लावलं. मर्डोने एकच शब्द बोलायचा, "शोध."

फर्न दहा पावलं गेली, बसली आणि मर्डोकडे बघायला लागली. मर्डोचा हात आपोआप वर गेला.

"हात खिशात," इशबेल म्हणाली.

"ती विचारतेय मला."

"माहीत आहे. पाठ फिरव."

त्याने पाठ फिरवली. फर्न बसूनच होती. मी मेंढ्यांच्या लेंड्यांत पडलो होतो, मला घाई नव्हती. मर्डोची मात्र मान लाल झाली होती. कितीतरी वेळाने फर्न उठली. आधी नाक खाली, मग वर, मग वाऱ्याला आडवी इकडून तिकडे, रफू करावं तशी. श्वास जवळ आला, माझ्यापुढून गेला, थांबला आणि मागे फिरला. तिने मला उचललं. आजवर मला पुष्कळांनी उचललं होतं, पण मी सापडलो असा पहिल्यांदाच. मला बरं वाटलं.

मग सगळा उन्हाळा तेच. आधी बुटकं गवत, मग गुडघाभर, मग चर, मग तळ्याकाठची पाणकणसं. फर्नचं बघणं कमी झालं. मर्डोचे हात खिशात राहायला जास्त दिवस लागले.

मेचा पहिला शनिवार आला. मी आडोशात मर्डोच्या पिशवीबरोबर खिळ्याला टांगलेला. शिट्टी इशबेलने परत दिली होती, ती फक्त फर्नला घरी बोलावण्यासाठी. उजाडल्यावर लॅकीने पहिलं बदक पाडलं.

"डावीकडे, त्या वाकड्या विलोच्या झाडाखाली. मी डोळ्यांनी पाहिलं," लॅकी म्हणाला.

"शोध," मर्डो म्हणाला.

फर्न पोहत विलोपर्यंत गेली, तिथे हुंगलं, आणि उजवीकडे वळून पाणकणसांच्या दिशेने निघाली.

"मर्डो, चुकतेय ती. शिट्टी मार."

मर्डोच्या हाताने शिट्टी ओठांशी नेली. त्याचे गाल फुगलेले मी पाहिले.

"थांबलीय, तुझ्याकडेच बघतेय. वळव तिला."

मर्डोने शिट्टी सोडली. ती छातीवर पडली. मग त्याने पाठ फिरवली, म्हणजे तोंड माझ्याकडे केलं. तळ्याकडे लॅकी बघत होता, मर्डोकडे मी. त्याचे दोन्ही हात खिशात मुठी वळून होते.

"आत गेली. दिसेनाशी झाली," लॅकी म्हणाला.

"मलाही दिसत नाही, लॅकी. दोन वर्षं झाली."

"माहीत आहे. चहा मीच पुसला होता."

शेगडीवरची किटली उकळली, लॅकीने ती उतरवली. मग पाण्याचा आवाज आला, मग फळीवर नखांचा. मर्डो वळला, वाकला आणि ओंजळ पुढे केली. फर्नने बदक त्यात ठेवलं. ते जिवंत होतं. मर्डोने तिथल्या तिथे त्याचा त्रास संपवला.

"विलोखालीच पडलं होतं," लॅकी म्हणाला.

"पडलं असेल. तिथे बसून राहिलं नाही."

लॅकीने डबा उघडून चीज रोल त्याच्या हातात दिला. "खा. आणि जरा सरकून बस. जावई स्वतःचा वेगळा आडोसा बांधेल."

याला तीन वर्षं झाली. माझी एक शिवण उसवली होती, ती इशबेलने गळाच्या दोऱ्याने घातली. मोरागच्या टाक्यांची सर नाही, पण चालतं. मर्डोला आता उजेड-अंधार एवढंच कळतं. दर मेमध्ये लॅकी त्याला दंडाला धरून आडोशात नेतो.

तुम्हीही कुणाला ना कुणाला काहीतरी शिकवत असाल. ते मधेच थांबून तुमच्याकडे बघेल. तेव्हा लगेच हात वर करू नका. माझं एवढंच मागणं आहे, आणि ते करताना मी लेंड्यांत पडलेलो आहे हे लक्षात घ्या.

कारण आजही मी हरवलेलोच आहे. आज मर्डोने स्वतःच मला फेकलं, कुठे ते त्याला ठाऊक नाही. फर्न तेव्हा गोठ्यात होती, तिलाही ठाऊक नाही. आता ती सुटलीय, वारा माझ्याकडून तिच्याकडे आहे. आणि तिकडे कुंपणाशी मर्डो उभा आहे. त्याला तसंही काही दिसत नाही, तरी त्याने पाठ फिरवली आहे.