भिमाबाईच्या दुधाची डिग्री

मी एक जुना लॅक्टोमीटर आहे. आष्टी तालुक्यातल्या एका गावाच्या दूध संस्थेत, कपाटाच्या वरच्या फळीवर पडून असतो. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा कोणावर विश्वास नाही. तुमच्यावरही नाही. दुधात कोणी पाणी घालत असेल अशी शंका माणसाला आली नसती, तर मला घडवलं कशाला असतं?

माझं पोट काचेचं, तळाशी वजनाला शिशाचे छर्रे आणि वर बारीक मान. मानेवर आकडे. दूध पाण्यापेक्षा जड, म्हणून चांगल्या दुधात मी वर तरंगतो. पाणी मिसळलं की दूध पातळ होतं, मी खाली बुडतो आणि आकडा घसरतो. गावात त्या आकड्याला डिग्री म्हणतात. अठ्ठावीस लागली तर दूध घ्यायचं, नाहीतर परत. डबीतून माझ्यासोबत एक थर्मामीटरही आला होता. तो पहिल्याच वर्षी फुटला. दुसरा आणायचं कोणाला सुचलं नाही, आणि खरं सांगू, मला बरंच वाटलं. सगळा मान मला एकट्याला मिळू लागला.

मग ते कोरडं वर्ष आलं. शेतं उघडी पडली, गावाला टँकर सुरू झाला. लांबच्या वस्तीवरच्या भिमाबाईचं घर एका गायीवर चाललं होतं. एके संध्याकाळी तिच्या दुधात मी पंचविसावर थांबलो. दूध परत. दुसऱ्या संध्याकाळी तेच. मी मनात म्हणालो, सापडली. संस्थेचा नियम होता, तीनदा डिग्री कमी लागली की सभासदाचं दूध कायमचं बंद.

तिसऱ्या संध्याकाळीही पंचवीसच.

"भिमाबाई, आजबी लागली न्हाई," सेक्रेटरी सुंदरराव म्हणाले.

"हंडाभर पाण्यासाठी आमी टँकरमागं पळतो. दुधात घालायला पाणी आनू कुठून?"

"ते मला कशाला इचारता? काच बोलती ती."

भिमाबाई हलली नाही. "सकाळी डिग्री लागती, संध्याकाळी न्हाई. गाय तीच, मी तीच. ऊन तेवढं येगळं हाय. माझ्या डोळ्यांदेखत दूध थंड करा अन् मग बघा."

रांगेत कोणीतरी हसलं. पण सुंदररावांनी दुधाचं भांडं रांजणातल्या गार पाण्यात ठेवलं. तासाभराने मला पुन्हा आत सोडलं. मी हळूहळू वर आलो. अठ्ठावीस.

मित्रांनो, गरम झालं तरी दूध पातळ होतं, आणि पाणी मिसळल्यासारखाच मी त्यात खाली बुडतो. विहिरीवाले सभासद कॅनला ओलं पोतं गुंडाळून आणत. भिमाबाईकडे पोतं भिजवायला पाणी नव्हतं, दूध उन्हात तापत तापत यायचं. म्हणजे जिच्याकडे पाणी नव्हतं, तिलाच मी दुधात पाणी घालणारी चोर ठरवलं. आणि ते दूध गरम आहे, हे माझ्या अंगाला तिन्ही दिवस कळत होतं. मला लाज वाटली.

सुंदररावांनी दूध घेतलं, नाव कायम ठेवलं. पण भिमाबाई अजून उभीच होती.

"दोन दिस झाले, माझी लेक इचारतीय, आई, तू खरंच पाणी घातलंतंस का? माझं ती ऐकंना. तुमी येऊन सांगता का?"

सुंदररावांनी मला डबीत घातलं आणि ते तिच्याबरोबर वस्तीवर गेले. दारात तिची सातवीतली लेक मनकर्णा उभी होती. "पोरी, चूक आमची झाली, तुझ्या आईची न्हाई," ते म्हणाले आणि मला तिच्या हातात दिलं.

मनकर्णाने आईकडे पाहिलं आणि तिचा पदर घट्ट धरला. मग ती माझे आकडे बराच वेळ निरखत राहिली, संशयाने. माझ्याकडे असं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. मित्रांनो, तुम्हीही माझ्याकडे तसंच पाहत जा.