बाजा थांबला की गूळ

आमचे हे जन्मभर घोड्यावर बसले, कधी पडले नाहीत. पडले ते शेजाऱ्याच्या मोटारसायकलवरून. तेल सांडलेल्या रस्त्यावर गाडी कलंडली आणि ह्यांच्या मांडीचं हाड मोडलं. आदिलाबादच्या दवाखान्यात आत सळई टाकली आणि वर तंबी दिली, "चंपतराव, आता घोडा विसरायचा."

गुडीहत्नूरला हायवेच्या कडेला आमचं घर. लग्नात नवरदेवाला घोडी द्यायची, हाच धंदा. जुनी घोडी म्हातारपणाने गेली होती आणि तिच्या पोटची शिंगी, मैना, तिसऱ्या वर्षात होती. नुकतीच पाठीवर माणूस सोसायला लागली होती, तोही एकच, म्हणजे हे. दुसरं कोणी बसायला गेलं की कान मागे टाकून दात दाखवायची. ह्यांनी खाट धरली आणि तिला काम उरलं नाही. रिकामं जनावर काय करणार? तिने गव्हाणीची लाकडं कुरतडली, बादल्या लाथाडल्या, माझी वाळत घातलेली साडी चघळली. खुंट्याभोवती फिरून फिरून जमिनीत चर पाडला.

इकडे ह्यांचीही तीच गत. जेवायचं नाव नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आधी कोण जाईल, माणूस की जनावर, हेच मला कळेना.

एका सकाळी म्हणाले, "मथुरे, खाट अंगणात घे. शिंगीले कामाले लावू."

"मी बसू का आता तिच्या पाठीवर? तेवढंच बाकी राह्यलं!"

"बसाचं काऊन? दोर धर अन् मधात उभी राह्य. बाकी मी पाह्यतो."

तेव्हापासून रोज मी लांब दोर धरून मधे उभी, मैना माझ्याभोवती गोल आणि खाटेवरून हुकूम. आधी साधी चाल, मग दुडकी. तिचे पाय भरावेत म्हणून ओढ्याची रेती आणून पसरली, पाय उचलायला शिकावी म्हणून बांबू आडवे टाकले. मी घामाघूम व्हायची आणि हे पडल्या पडल्या माझ्याच चुका काढायचे. जीव जळायचा, पण भाकरी मागून खायला लागले होते, म्हणून पुन्हा दोर धरायची.

नाच तेवढा उरला होता. वरातीच्या घोडीला नाचता आलं नाही तर तिला कोण नेतं? एरवी स्वार पाठीवर बसून टाचेने आणि लगामाने तो शिकवतो. ह्यांची टाच खाटेवर. मग ह्यांनी मोबाईल काढला. त्यावर बँडबाजा लावायचे, मी छडी मैनेच्या गुडघ्याला टेकवायची, ती पाय उचलायची. मग हे बाजा बंद करायचे आणि ती जागच्या जागी थांबली की मी तिला गूळ द्यायची. बाजा वाजला की नाच, थांबला की गूळ. होळीपर्यंत छडीची गरजच राहिली नाही. हे खाटेवर टाळ्या पिटायचे. इतके खूश मी त्यांना आमच्या लग्नातसुद्धा पाहिले नव्हते.

बँडमधले ढोलवाले महिपतकाका एकदा हे सगळं बघून म्हणाले, "चंपतराव, घोडी स्वाराची पायजे गा. हे तं बाज्याची होऊन राह्यली."

"तुमी आपला ढोल पाहा, काका," हे हसून म्हणाले.

वैशाखात अवकाळी पाऊस झाला आणि अंगणाची माती पार सैल झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी हायवेपलीकडच्या फंक्शन हॉलकडे वरात निघाली. त्यांना घोडी नको होती, नवरदेव मोटारीत होता. पण बाजा महिपतकाकांचाच. ढोलावर पहिली थाप पडली आणि मैनेने कान टवकारले. हे खाटेवरून ओरडले, "मथुरे, दोर! दोर धर!" मी चुलीपासून उठेपर्यंत ती खुंटा उपटून फाटकाबाहेर गेली होती.

ती पळाली नाही हो. पळाली असती तर वाचली असती. हायवेच्या मधोमध उभी राहून ती नाचायला लागली, मान वाकवून, एकेक पाय उचलून, शिकवलं तसं. ट्रकवाल्याने ब्रेक दाबले, पण भरल्या ट्रकला थांबायला जागा लागते.

बाजा बंद पडला. वरातीतल्या माणसांनी तिला कडेला ओढलं आणि ह्यांना खाटेसकट तिच्याजवळ आणलं. तिचा पुढचा पाय गुडघ्याखाली नुसता लोंबत होता. जनावरांचे डॉक्टर आले, पाय पाहिला आणि तेलुगूत म्हणाले, "लाभम् लेदू." काही उपयोग नाही.

"माह्या पायात सळई टाकली ना?" ह्यांनी त्यांचा हात धरला. "तिच्याबी टाका. मी खाटेवर जगून राह्यलो, तीबी जगंन."

डॉक्टरांनी मान हलवली. घोडं पडून जगत नाही, हे ह्यांना का माहीत नव्हतं? पण ती शेवटचं इंजेक्शनसुद्धा देऊ देईना. मोडक्या पायावर उठायची, कोसळायची, पुन्हा उठायला बघायची. माणसांना आवरत नव्हती. तिचे हाल मला बघवेनात.

ह्यांनी खिशातून मोबाईल काढला. माझ्या लक्षात आलं आणि मी किंचाळले, "नका हो!"

त्यांनी बाजा लावला. मैनेने मान वर केली, पडल्या पडल्या धड पाय उचलला. मग त्यांनी बाजा बंद केला.

ती थांबली. शिकवलं तशी, अगदी शहाण्यासारखी. ओठ पुढे करून माझ्या हाताकडे बघत राहिली. डॉक्टरांनी तिच्या मानेत सुई घातली.

मी चुलीजवळून तशीच धावत आले होते. माझ्या हातात गूळ नव्हता.