एकाच ओंडक्यातली जोडी

मामींच्या नावाचा एक भुंगेरा होता. लग्नाच्या वर्षीच मामांना ही नवी जात सापडली, आणि संग्रहालयाच्या पत्रिकेत तिचं वर्णन छापताना त्यांनी तिला बायकोचं नाव दिलं. "मला हवं होतं घड्याळ, पदरात पडला किडा," असं मामी आल्यागेल्याला सांगायच्या, पण सांगताना चेहरा खुललेला असायचा.

संग्रहालयात आता मामांच्या जागी काम करणारी त्यांची भाची काचेची बरणी घेऊन दारात उभी होती.

"आत ये की. दाराला राखण बसवलीय का तुला?" मामी म्हणाल्या.

भाचीने बरणी टेबलावर ठेवली. आत लाकडाचा ओंडका आणि दोन भुंगेरे. एकाच्या मिशा अंगाच्या दुप्पट लांब. ही नदीपलीकडची जात, तिला मामांच्या आधीच कुणीतरी नाव दिलेलं. दुसरा आखूड मिशांचा, मामींच्या नावाचा, फक्त अलीकडच्या टेकड्यांवर मिळणारा.

"दोघं याच ओंडक्यातून निघाले," भाची चाचरत म्हणाली.

"मग? एका घरात दोन बिऱ्हाडं राहत नाहीत?"

"मामा, भिंग घ्या."

मामा वाकले. लांब मिशावाला आखूड मिशावालीच्या पाठीवर बसला होता आणि त्यांचं मीलन चाललं होतं.

मामांना सगळा घोळ उमगला. पलीकडच्या गावात विजेचे दिवे होते. दिव्यावर झेपावायचे ते नर. इकडे टेकड्यांवर वीज नव्हती, म्हणून मामा दिवसा झाडांच्या साली धुंडाळायचे; तिथे अंडी घालताना सापडायच्या त्या माद्या. नर-मादीच्याच त्यांनी दोन जाती केल्या होत्या.

मामींनीही डोकावून पाहिलं. "अहो, तो तिला सोडायला तयार नाही, आणि तुम्ही दोघांना दोन काठांवर बसवलंत?"

"आधीचं नाव टिकतं, असा नियम आहे," मामा खालच्या आवाजात म्हणाले. "तुझं जाणार."

"मी लेख पाठवतच नाही," भाची घाईने म्हणाली.

"खबरदार! पाठव. माझंही नाव घाल त्यावर. बायकोच्या नावावर चूक खपवू होय?" मग ते मामींकडे वळले. "अगदी पुसत नाहीत हं. खऱ्या नावाखाली लिहून ठेवतात. बारीक अक्षरात."

"बारीक कशाला? मला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं लिहा," मामी म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातलं भिंग काढून घेऊन बरणीवर वाकल्या.